ज्या माणसाने कोल्हापुरात हाताने कॅमेरा घडवला, त्यानेच मराठी बोलपटाचा आवाज सांभाळला

रील्स बघताना हा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अंधारी खोली, लाकडी टेबल, टेबलावर धातूची छोटी पेटी आणि त्या पेटीवर नारिंगी उजेडात चमकणाऱ्या दोन-तीन काचेच्या नळ्या. शेजारी जुनी रेकॉर्ड फिरत असते. ही पेटी म्हणजे ट्यूब प्रीअॅम्प. रेकॉर्ड प्लेअरमधून किंवा मायक्रोफोनमधून येणारा अगदी नाजूक सिग्नल उचलून पुढच्या मोठ्या अॅम्प्लिफायरला देणं, एवढंच त्याचं काम. यातले बरेच प्रीअॅम्प कारखान्यात बनत नाहीत. कुणीतरी घरच्या वर्कशॉपमध्ये एकेक तार जोडून, एकेक टाका देऊन ते बनवतो.

बघायला भारी वाटतं, पण खिशात हात घालायची वेळ आली की प्रश्न पडतो. हाताने बनवलंय ते ठीक, पण टिकेल का?

जळगावात सोनं घ्यायला जाणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. सोन्याचा भाव पेपरात छापून येतो, घडणावळ मात्र कारागिरावर विश्वास ठेवून द्यावी लागते. दागिना दिसतो छान, पण त्याचा फासा महिन्याभरात निसटणार की नातीच्या लग्नापर्यंत टिकणार हे घडवणाऱ्याच्या हातावर ठरतं.

यंत्रांच्या बाबतीत ही घडणावळ काय असते हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. नाव विष्णुपंत गोविंद दामले. सिनेमावाल्यांचे दामलेमामा. 'संत तुकाराम' या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून त्यांचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. पण दिग्दर्शक होण्याच्या आधी हा माणूस यंत्रांचा होता. आधी कॅमेऱ्याचा, मग आवाजाचा.

पेणचा पोरगा, कोल्हापूरचे पडदे

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. ओढ होती चित्रकलेची. त्या काळात चित्रकलेवर पोट भरायचं तर एक हमखास जागा होती, ती म्हणजे नाटक कंपनी. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता असं सगळं कापडी पडद्यांवर रंगवलेलं असायचं आणि चांगल्या पडद्यांना प्रेक्षक टाळ्या द्यायचे.

या कामात कोल्हापूरचे दोन भाऊ महाराष्ट्रभर प्रसिद्ध होते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री. चुलत भाऊ. घराणं सुतारकामाचं आणि कारागिरीचं. रंगकामामुळे लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. विष्णुपंत याच वर्तुळात आले. तिथेच त्यांना शेख फत्तेलाल भेटले. फत्तेलाल पुढे साहेबमामा म्हणून ओळखले गेले. दामले आणि फत्तेलाल ही जोडी त्यानंतर आयुष्यभर सुटली नाही. आज आपण जय-वीरू म्हणतो, तेव्हाच्या सिनेमाच्या दुनियेत दामले-फत्तेलाल असं एका दमात म्हटलं जायचं.

मॅन्युअल नाही, यूट्यूब नाही, फक्त एक प्रोजेक्टर

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पडदे रंगवणाऱ्या या मंडळींना हलत्या पडद्याचं वेड लागलं. आपणही सिनेमा काढायचा असं ठरलं.

अडचण एकच होती, कॅमेरा नव्हता. तो यायचा परदेशातून. त्याची किंमत या लोकांच्या आवाक्याबाहेरची, त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. मग कोल्हापूरच्या पठ्ठ्यांनी ठरवलं की कॅमेरा आपणच बनवायचा.

त्यांनी प्रोजेक्टरचा अभ्यास सुरू केला. कारण सरळ आहे. प्रोजेक्टर फिल्म एकेक चौकट पुढे सरकवतो, क्षणभर थांबवतो आणि मागून उजेड टाकतो. कॅमेराही फिल्म एकेक चौकट पुढे सरकवतो, क्षणभर थांबवतो आणि समोरून उजेड आत घेतो. एकाचं काम समजलं की दुसऱ्याचं अर्धं समजलं.

उरलेलं अर्धं फार कठीण होतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात. कॅमेऱ्याच्या आत एक छोटी नखी त्या छिद्रात शिरते, फिल्म खाली ओढते आणि बाहेर येते. हे सेकंदाला सोळा वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून. नखी केसभर इकडेतिकडे झाली की चित्र पडद्यावर नाचायला लागतं. फिल्म थांबायच्या आत झडप उघडली की चित्र फराटतं. पेटीत कुठे बारीक फट राहिली की उजेड शिरून सगळी फिल्म काळी पडते.

यात वर्षं गेली. मधेच १९१६ साली आनंदराव वारले. पण काम थांबलं नाही. बाबूराव आणि त्यांच्या सोबतीला विष्णुपंत दामले लेथवर एकेक भाग कातत राहिले, बसवत राहिले, बिघडला की परत करत राहिले. अखेर १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार झाला.

याच कॅमेऱ्याच्या जोरावर बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे याच कंपनीत कोल्हापूरचा एक तरुण हरकामी म्हणून लागला, तो म्हणजे व्ही. शांताराम.

बाबूराव पेंटरांचं नाव इतिहासात गेलं आणि ते योग्यच आहे. दामल्यांना या कॅमेऱ्याने वेगळं काहीतरी दिलं. यंत्राची भीती गेली. एकदा आपल्या हाताने यंत्र घडवलं की कुठलंही यंत्र जादूची पेटी राहत नाही. ते उघडता येतं, समजून घेता येतं आणि दुरुस्त करता येतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही गोष्ट एका अख्ख्या कंपनीच्या कामी येणार होती.

सराफाचे पैसे आणि पाच भागीदार

१९२८ साली दामले-फत्तेलाल जोडीने 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. पण महाराष्ट्र फिल्म कंपनीत आता त्यांचं मन रमत नव्हतं. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात नवी कंपनी सुरू झाली, प्रभात फिल्म कंपनी. भागीदार पाच. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी.

पहिले चौघे सिनेमावाले. पाचवे, कुलकर्णी, कोल्हापूरचे सराफ. पैशाची बाजू त्यांची. म्हणजे घडणावळ ओळखणारा माणूस आता सिनेमा घडवणाऱ्यांवर पैसे लावत होता.

कामाची वाटणीही ठरत गेली. शांताराम दिग्दर्शनात, फत्तेलाल कलाविभागात, धायबर कॅमेऱ्यावर, कुलकर्णी हिशेबात आणि दामले तांत्रिक बाजूला. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचं बोधचिन्ह घेऊन प्रभातचे मूकपट यायला लागले. 'गोपालकृष्ण', 'उदयकाल', 'चंद्रसेना'. कंपनी स्थिरावतेय असं वाटत असतानाच मुंबईत धमाका झाला.

१४ मार्च १९३१. मॅजेस्टिक थिएटर. 'आलम आरा'. सिनेमा बोलायला लागला.

एका रात्रीत मूकपट जुना झाला. प्रभातसमोर दोनच रस्ते होते, बोलपट काढायचा नाहीतर दुकान बंद करायचं. बोलपट काढायचा म्हणजे कुणीतरी आवाजाचं यंत्र सांभाळायला हवं. ध्वनिमुद्रण शिकवणारी शाळा देशात नव्हती. अनुभवी माणसं बोटावर मोजण्याइतकी.

ही जबाबदारी आली दामल्यांवर. पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेला, चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा माणूस प्रभातचा ध्वनिमुद्रक झाला.

काचेची नळी नेमकी करते काय

इथे थोडं थांबून त्या चमकणाऱ्या नळ्यांकडे बघूया, कारण बोलपटाचा सगळा खेळ त्यांच्यावर होता.

माणूस बोलतो तेव्हा मायक्रोफोनमधून निघणारी वीज अतिशय कमी असते, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजण्याएवढी. तेवढ्याने काहीच हलत नाही. तिला मोठं करावं लागतं. १९०४ मध्ये जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन भागांचा व्हॉल्व्ह बनवला आणि १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग घातला. इथून वीज मोठी करण्याची युक्ती माणसाला सापडली. ट्रान्झिस्टर आला १९४७ साली, त्यामुळे तोवर रेडिओ, टेलिफोन, सिनेमा, लाउडस्पीकर सगळं या काचेच्या व्हॉल्व्हवरच चालायचं.

धुळ्याच्या लोकांना हे पटकन कळेल. पांझरेवरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्यातून पाटाला पाणी सुटतं, पण कुठल्या फडाला किती जाणार हे पाटकरी ठरवतो. त्याला पाणी ढकलावं लागत नाही. तो फक्त पाटाचं तोंड थोडं उघडतो, थोडं बंद करतो. जोर थोडा लागतो, पण त्याने हलतं मात्र भरपूर पाणी.

व्हॉल्व्हमध्ये हेच होतं. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तापलेला भाग असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या पत्र्यावर दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो, तो त्यांना ओढतो. हा झाला पाट. मध्ये तारेची बारीक जाळी असते. मायक्रोफोनचा नाजूक सिग्नल त्या जाळीला दिला की ती पाटकऱ्यासारखी मोठा प्रवाह कमी-जास्त करते. पलीकडे तोच आवाज मिळतो, पण कित्येक पट मोठा होऊन.

यातला पहिला टप्पा म्हणजे प्रीअॅम्प आणि सगळ्यात जास्त जपावं लागतं ते इथेच. कारण पुढचे टप्पे येईल ते मोठं करत जातात. पहिल्या टप्प्यावर तारेत घरघर शिरली तर पुढे ती घरघर शंभरपट होते. टाका कच्चा राहिला तर खरखर शंभरपट होते. नळी ठोकर लागून थरथरली तर ते थरथरणंही आवाज होऊन बाहेर येतं.

त्या काळच्या यंत्रांची आणखी एक दुखरी बाजू म्हणजे आपलं हवामान. तारांवर सुती वेष्टण असायचं, कपॅसिटरमध्ये मेण लावलेला कागद. पावसाळ्याची दमट हवा दोन्हीत मुरते आणि वीज नको तिकडे झिरपायला लागते. कंडेन्सर जातीचे मायक्रोफोन तर दमट हवेत फुसफुसायला लागायचे. ही यंत्रं बनायची थंड देशांत आणि चालवायची होती कोल्हापुरात.

ऐकायची सोय नाही, तरी चुकायचं नाही

आज आपण व्हॉइस नोट पाठवतो, आवडली नाही तर डिलीट करून परत रेकॉर्ड करतो. १९३२ मध्ये असं काही नव्हतं.

मोठा झालेला आवाज तेव्हा उजेडात बदलला जायचा आणि तो उजेड फिल्मच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर छापला जायचा. फिल्म धुऊन, प्रिंट काढून ती चालवल्याशिवाय आवाज नीट उमटलाय का ते कळायचं नाही. तोवर सेट मोडलेला असायचा. यंत्रात मधेच बिघाड झाला असेल तर तो दिवस, ती फिल्म, त्या दिवसाचे पगार सगळं पाण्यात.

बरं, नंतर डबिंग करू म्हणायची सोयही नव्हती. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. नट स्वतः गाणार, तेही कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी. वाजवणारे सेटच्या आडोशाला बसणार. गायकाचा आवाज, पेटी, तबला सगळं एकाच वेळी मायक्रोफोनमध्ये. वर कॅमेऱ्याची घरघर येता कामा नये. नट मान वळवून बोलला तर आवाज पडता कामा नये. मूकपटात दिग्दर्शक कॅमेरा चालू असताना ओरडून सूचना द्यायचा, तेही बंद.

प्रभातने पहिल्या बोलपटासाठी विषय निवडला हरिश्चंद्राचाच. फाळक्यांनी १९१३ मध्ये जो राजा न बोलता दाखवला, तोच १९३२ मध्ये बोलणार होता. दिग्दर्शक शांताराम, संगीत गोविंदराव टेंबे यांचं, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. सिनेमा मराठीत 'अयोध्येचा राजा' आणि हिंदीत 'अयोध्या का राजा' असा दोन भाषांत काढायचं ठरलं. डबिंग नसल्याने दोन्ही भाषांसाठी प्रसंग वेगवेगळे चित्रित करावे लागणार होते. म्हणजे यंत्रावरचा भार दुप्पट आणि बिघडण्याचे मोकेही दुप्पट.

६ फेब्रुवारी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि प्रभात वाचली. नुसती वाचली नाही, तर पुढची दहा वर्षं देशातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक होऊन राहिली.

आता या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारताचा पहिला बोलपट आपण ना बघू शकतो, ना ऐकू शकतो. 'अयोध्येचा राजा' मात्र शिल्लक आहे. आज बघता येणाऱ्या अगदी जुन्या भारतीय बोलपटांत त्याचं नाव घेतलं जातं. नव्वद वर्षांपूर्वी कोल्हापुरात उमटलेला तो आवाज आजही ऐकू येतो. थोडा चिरका आहे, थोडा जुनाट आहे, पण शब्द कळतात आणि सूर लागतात.

आवाजाच्या माणसासाठी याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं असणार?

साउंडवाला दिग्दर्शक झाला तेव्हा

१९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडलं आणि पुण्यात भव्य स्टुडिओ उभारला. ज्या रस्त्याला आज पुणेकर प्रभात रोड म्हणतात त्याचं नाव याच कंपनीवरून पडलं. 'अमृतमंथन', 'धर्मात्मा', 'अमरज्योती' असे सिनेमे येत गेले. पडद्यामागे दामले होतेच.

मग १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल जोडीने पुन्हा दिग्दर्शन हातात घेतलं. सिनेमा होता 'संत तुकाराम'. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. गौरी कुणी मोठी नटी नव्हती. प्रभातमध्येच साधी कामं करणारी बाई होती. तिची जिजाई आजही बघणाऱ्याला थक्क करते.

हा सिनेमा नीट ऐकला तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात आवाज ओरडत नाही. तुकोबांचं गाणं हे कामातून आल्यासारखं येतं. जिजाईचं भांडण स्वयंपाकघरातल्या भांड्यांसारखं खणखणीत आहे, पण कानाला टोचत नाही. संगीत नाटकाच्या थाटात वाढलेल्या त्या काळात हा साधेपणा नवा होता. कुठला आवाज किती हवा आणि कुठे गप्प राहायचं हे इतकी वर्षं कानाने तोलणारा माणूस तिथे दिग्दर्शकाच्या जागेवर होता. याच सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गाणं तर इतकं जमून आलं की लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला.

१२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' लागला आणि तिथे ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये तो इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली.

पण या सिनेमाचं खरं यश मुंबई आणि व्हेनिसच्या पलीकडचं आहे. तो गावोगाव पोहोचला. त्या काळात टुरिंग टॉकीजचे तंबू महाराष्ट्रभर फिरायचे. जत्रा भरली की तंबू लागायचा, बाहेर इंजिन धडधडायचं, त्यावर वीज तयार व्हायची आणि आत सिनेमा सुरू. खान्देशात घरात कुणी जुनं माणूस असेल तर अमळनेरच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तंबूतल्या सिनेमाबद्दल एकदा विचारून बघा.

त्या तंबूतही काचेच्या नळ्याच असायच्या. फिल्मच्या कडेच्या पट्टीवर दिवा पडायचा, पलीकडे उजेड कमी-जास्त व्हायचा, त्याची बारीक वीज व्हायची, व्हॉल्व्ह ती मोठी करायचे आणि कर्ण्यातून तुकोबा बोलायचे. बैलगाडीतून खाचखळग्यांतून आलेलं यंत्र, धूळ, उन्हाळ्यात खान्देशात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा आणि इंजिनची वर-खाली होणारी वीज. तिथे ऑपरेटरला स्वतः यंत्र उघडून दुरुस्त करता आलं नाही तर रात्रीचा खेळ बंद आणि पब्लिक तंबू फाडायच्या तयारीत. म्हणजे कोल्हापुरात दामल्यांनी जे शिकून घेतलं, तेच गावोगावच्या अनामिक ऑपरेटरांना शिकावं लागलं. यंत्राचं पोट माहीत असणं.

शेवटची वर्षं

'संत तुकाराम'नंतर दामले-फत्तेलाल जोडीने १९३८ मध्ये 'गोपालकृष्ण' केला. प्रभातने सुरुवात केली तो मूकपट याच नावाचा होता, आता तो बोलका झाला. १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आणि १९४१ मध्ये राजा नेने यांच्यासोबत 'संत सखू'.

पण कंपनीला आता तडे जात होते. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामही प्रभात सोडून गेले. उरलेल्यांनी गाडा ओढला. १९४४ मध्ये 'रामशास्त्री' आला आणि गाजला. त्यानंतर वर्षभरात, ५ जुलै १९४५ ला विष्णुपंत दामले गेले. वय अवघं ५२.

प्रभातही पुढे फार काळ टिकली नाही. पन्नासच्या दशकात कंपनी बंद पडली आणि १९६० साली सरकारने त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तीच आजची एफटीआयआय. ज्या जागेत दामल्यांसारखी माणसं शाळा नसताना ध्वनिमुद्रण करत होती, त्याच जागेत आज ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम शिकवला जातो.

दामले मितभाषी होते, प्रसिद्धीपासून लांब राहिले असंच त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. शांतारामांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, दामल्यांचं त्यामानाने कमी. यात त्यांच्या कामाचाही वाटा आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणाकडे प्रेक्षकाचं लक्षच जात नाही. आवाज बिघडला तरच लोकांना साउंडवाल्याची आठवण होते.

मग हाताने बनवलेलं घ्यायचं का?

आता परत त्या नारिंगी नळ्यांकडे.

हाताने बनवलंय म्हणून एखादी वस्तू भारी ठरत नाही आणि तकलादूही ठरत नाही. १९१८ चा कॅमेरा हातानेच बनला होता आणि त्याने सिनेमा काढून दिला. पण त्यामागे वर्षानुवर्षं मोडून परत घडवणं होतं आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारी माणसं त्याच आवारात होती. हाताने बनवलेल्या यंत्राची खरी गॅरंटी हीच.

त्यामुळे ट्यूब प्रीअॅम्प घेताना उजेडाला भुलू नका, पेटी उलटी करून आतला भाग दाखवायला सांगा. चांगला कारागीर हौसेने दाखवतो. तारा आखीव आहेत की नुसती गुंतवळ? टाके चकचकीत आणि भरीव आहेत की दाणेदार, फुगलेले? ट्रान्सफॉर्मर पहिल्या नळीपासून लांब बसवलाय का? तो जवळ असेल तर घरघर पाठ सोडणार नाही. नळ्यांची उष्णता बाहेर जायला जागा आहे का? कारण उष्णतेने सगळ्यात आधी कपॅसिटर म्हातारे होतात. पेटीला अर्थिंग नीट दिलंय का?

सर्किटचा नकाशा सोबत मिळतो का हेही विचारा. नकाशा असेल तर बनवणारा उद्या भेटला नाही तरी गावातला जुना रेडिओ मेकॅनिक ते यंत्र उघडू शकतो. नसेल तर तुम्ही कायमचे त्या एकाच माणसावर अवलंबून.

नळ्यांचा विचारही आधीच करा. सिग्नलच्या छोट्या नळ्या साधारण काही हजार तास चालतात, मग बदलाव्या लागतात. एकेकाळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडेच व्हॉल्व्ह बनवायची, आता नव्या नळ्या बहुतेक रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. त्यामुळे बाजारात सहज मिळणाऱ्या नळीवर चालणारं यंत्र घेतलेलं बरं.

आणि एक इशारा. यात दोनशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. रील बघून स्वतः उघडायला जाऊ नका. आधी जाणकाराच्या हाताखाली शिका, मग हात घाला. दामलेही बाबूरावांच्या शेजारी बसूनच शिकले होते.

यूट्यूबवर 'अयोध्येचा राजा' शोधा. हेडफोन लावा आणि दुर्गा खोटेंचा आवाज ऐका. मधे खरखर येईल, ती नव्वद वर्षांची आहे. तिच्याखाली जो आवाज स्वच्छ ऐकू येतो, ती दामलेमामांची घडणावळ.